होमस्टेडची फाईल कशी काढली: सासरच्या बाबिचकाचा कागदोपत्री शोध

नेब्रास्कात आणि आजूबाजूच्या राज्यांत अमेरिकन सासर असलेल्या आपल्या मुली आता बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या दोघीतिघींनी मला हेच विचारलं की जुन्या जमिनीचे कागद नेमके मिळतात कुठे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सेलीन काउंटीतलं चेक, आम्ही राहतो लिंकनला. चेक म्हणजे सगळे जन्मले इथेच, भाषा आता कोलाचे, क्नेडलिकी अशा खाण्याच्या नावांपुरती आणि चारदोन शिव्यांपुरती उरलीय, पण ऑगस्टमध्ये विल्बरला चेक डेज असतात तेव्हा घरातलं कोणीही दुसरीकडे जायचं नाव काढत नाही. सासूबाईंच्या पणजीला घरात सगळे बाबिचका म्हणतात, म्हणजे चेकमध्ये आजी. तिची गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातल्या भागातून आली, नवरा गेला, पदरात चार पोरं, आणि बाईने एकटीने जमीन नावावर करून घेतली, पाच वर्षांत एक दिवससुद्धा जमीन सोडून गेली नाही. हे शेवटचं वाक्य तर दर थँक्सगिव्हिंगला ठरलेलं. पण घरात कागद म्हणाल तर एक नाही. सासूबाई ८० च्या होणार होत्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये मी म्हटलं बघू तरी सरकारदरबारी काय सापडतंय. नवरा म्हणाला हौस आहे तर कर, मला काही विचारू नकोस.

आधी कायदा थोडक्यात, कारण तो कळल्याशिवाय कागद कळत नाहीत. अब्राहम लिंकनने २० मे १८६२ ला होमस्टेड ॲक्टवर सही केली, १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. २१ वर्षं पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणालाही १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता यायची, फी सगळी मिळून १८ डॉलर. अट अशी की नागरिक असायचं किंवा होणार असल्याचं कोर्टात लिहून द्यायचं, तिथे घर बांधून पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, आणि मग दोन साक्षीदार आणून ते सगळं सिद्ध करायचं. यालाच प्रूव्हिंग अप म्हणतात. परदेशातून आलेल्यांना चालायचं आणि बायकांनाही चालायचं, पण कोणत्या बायकांना? अविवाहित, विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली. लग्न झालेली आणि नवरा धडधाकट असेल तर नाही, कारण कुटुंबप्रमुख तो. म्हणजे बाबिचका नवऱ्याबरोबर तीच माती उपसत होती तोवर कागदावर तिचं अस्तित्वच नाही, तो गेला आणि ती कागदावर आली. तुम्ही कोणा बाईला शोधत असाल तर हे डोक्यात पक्कं ठेवा, तिच्या नवऱ्याच्या मरणाच्या तारखेपासून पुढचे कागद आधी बघा.

सुरुवात फुकटात होते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्सची साइट आहे, सरकारने दिलेली जमिनीची पेटंटं तिथे स्कॅन करून ठेवलीत. पेटंट म्हणजे इथे जमिनीचा पहिला मालकी कागद, शोधबिध नाही. मी आडनाव टाकलं, काही नाही. शेवटचं ओव्हा, म्हणजे चेक बायकांच्या आडनावाला लागतं ते शेपूट, काढून टाकलं, काही नाही. ओव्हासकट, ओव्हाशिवाय, स्पेलिंगं उलटसुलट करून झाली आणि मग वाटलं की ही सगळी थँक्सगिव्हिंगची लोककथाच असणार.

मग सुचलं ते आमच्या मामेसासऱ्यांमुळे. ती जमीन अजून त्यांच्याकडेच आहे, मका आणि सोयाबीन असतं. त्यांना म्हटलं तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या पावतीचा फोटो पाठवा. पावतीवर लीगल डिस्क्रिप्शन असतं, म्हणजे अमुक सेक्शनचा अमुक भाग, टाउनशिप अमुक, रेंज अमुक. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसंच समजा. सेक्शन म्हणजे एक मैल बाय एक मैल, ६४० एकर, असे ३६ सेक्शन म्हणजे एक टाउनशिप. त्या साइटवर नावाऐवजी या जागेवरूनही शोधता येतं, फक्त मेरिडियन, म्हणजे मोजणीची मूळ रेषा, विचारतात तिथे नेब्रास्कासाठी सिक्स्थ प्रिन्सिपल मेरिडियन निवडायचं. टाकलं आणि दोन मिनिटांत बाई समोर! आडनावाच्या सुरुवातीच्या सी चा कोणीतरी जी वाचला होता, पुढचं एक अक्षर गायब होतं, आणि नावापुढे लिहिलेलं, अमक्याची विधवा. तारीख १८८०. मी ऑफिसमध्ये होते, लंच ब्रेक होता, उठून बाथरूममध्ये जाऊन रडून आले. का रडले मला अजून नीट सांगता येणार नाही, माझं तर रक्ताचं नातंही नाही.

एक गंमत, घरात सगळे छातीठोकपणे १६० एकर सांगायचे, पेटंटवर ८०. रेल्वेला सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक सेक्शन बहाल केलेले होते, आणि त्या पट्ट्यात मधल्या ज्या सरकारी जमिनी उरल्या त्यांचा भाव दुप्पट धरलेला, म्हणून त्या पट्ट्यात होमस्टेडवाल्याला ८० एकरच मिळायचे. हा नियम १८७९ मध्ये बदलला, यांनी अर्ज केलेला १८७३ मध्ये. बाकीचे ८० एकर पुढच्या पिढीने विकत घेतले असणार, ते डीड्स, म्हणजे खरेदीखतं, काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे मिळतात, मी अजून त्यात पडले नाहीये.

पेटंट म्हणजे नुसता एका पानाचा निकाल आहे, खरा मजकूर असतो तो लँड एंट्री केस फाईलमध्ये. मूळ फाईली वॉशिंग्टनला नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, पण नेब्रास्काच्या पूर्ण झालेल्या फाईली स्कॅन झाल्यात, फोल्ड थ्री आणि ॲन्सेस्ट्री या पैसे भरायच्या साइटवर बघता येतात. पैसे भरायचे नसतील तर बिॲट्रिसजवळच्या होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये जा. तिथल्या हेरिटेज सेंटरमध्ये कॉम्प्युटर आहेत, त्यावर फुकट बघता येतं, प्रवेशही फुकट. जाताना पेटंटचा प्रिंटआउट घेऊन जा, त्यावर लँड ऑफिसचं नाव आणि सर्टिफिकेट नंबर असतो, तो असला की फाईल पटकन निघते, नावाच्या भरवशावर बसू नका. आणि पेन ड्राइव्ह. आम्ही एप्रिल २०२३ मध्ये गेलो, लिंकनहून तासाभराचा रस्ता आहे, सासूबाई बरोबर होत्या. पार्क आहे ती जागा डॅनियल फ्रीमनची, देशातल्या अगदी पहिल्या होमस्टेड अर्जांपैकी एक त्याचा. म्युझियम छान आहे, आणि एक चांगलं आहे की जमीन रिकामीच पडली होती असला आव तिथे आणलेला नाही. ज्या वर्षांत आमच्या बाबिचकाची पाच वर्षं भरत होती त्याच वर्षांत तिथून खाली कॅन्ससच्या हद्दीला लागून ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेली जमीन, तुकड्यातुकड्याने विकलं जात होतं आणि १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. हे लिहिलेल्या बोर्डापुढे सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

आता फाईल. नवऱ्याचा १८७३ चा अर्ज, फीची पावती, नागरिक व्हायचंय म्हणून त्याने दिलेल्या डिक्लेरेशनची नक्कल, म्हणजे फर्स्ट पेपर्स. तो जानेवारी १८७६ मध्ये गेल्याचं शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. दुसरे पेपर्स व्हायच्या आत तो गेला, म्हणजे हा नागरिक झालेलाच नाही, मग जमीन कशी मिळणार असं मला वाटलं, पण कायद्यात सोय होती, फर्स्ट पेपर्स भरलेला माणूस मधेच वारला तर त्याची विधवा आणि मुलं शपथ घेऊन नागरिक होऊ शकत. तिच्या शपथेचा दाखला फाईलमध्ये आहे. मग पेपरमध्ये छापलेल्या जाहिरातीचं कात्रण, अमुक तारखेला अमुक बाई आपला दावा सिद्ध करणार आहे, साक्षीदार म्हणून चार नावं, त्यातल्या दोघांना आणायचं. ही जाहिरात १८७९ च्या कायद्यानेच सक्तीची झाली, तिने प्रूफ दिलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नव्या नियमाचा खर्चही तिच्याच माथी.

आणि शेवटी छापील प्रश्नांचा फॉर्म, उत्तरं हाताने लिहिलेली, शेजारी दुभाष्याची सही. घर कधी बांधलं, कसं आहे? आधी डगआउट, म्हणजे जमिनीत खणलेलं घर, मग सॉड हाऊस १४ बाय २० फूट, एक दार, दोन खिडक्या, फळ्यांचं छप्पर. विहीर, गुरांसाठी छपरी, मक्याची कणगी. ३८ एकर नांगरलेली. झाडं २०० कॉटनवूड, १२ प्लम. कसतं कोण? मी आणि मुलं, १० एकर शेजाऱ्याकडून पैसे देऊन पहिल्यांदा नांगरून घेतली. थोरला मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

सॉड हाऊस म्हणजे गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या लांब पट्ट्या नांगराने कापायच्या, त्याच्या विटा करायच्या, आणि गवताची बाजू खाली ठेवून भिंत रचत जायची. झाडंच नव्हती तर लाकूड कुठून आणणार. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, हे सगळे कौतुकाने सांगतात, पण पाऊस लागला की छप्पर गळायचं, भिंतीतून उंदीर आणि साप यायचे हे जरा हळू आवाजात सांगतात. जळण म्हणजे मक्याची बुरकुंडं, पीळ दिलेलं गवत आणि वाळलेलं शेण. हे वाचून सासूबाईंना कसंतरीच झालं, मी म्हटलं त्यात काय, माझी आजी गोवऱ्या थापायची, चूल मस्त पेटते. त्यांना ते इतकं आवडलं की त्या संध्याकाळी फोनवर सगळ्यांना सांगत होत्या.

मग आला तो प्रश्न. या काळात तुम्ही जमिनीवरून कधी गैरहजर होतात का, किती काळ आणि कशासाठी?

हा प्रश्न वाचून मला हसूच आलं कारण २०२१ मध्ये मी माझा एन-४००, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, भरला तेव्हा जवळपास हेच विचारलेलं, देशाबाहेर कधी गेलात, किती दिवस, परत कधी आलात. पासपोर्टचे शिक्के बघत, जुने विमान तिकिटांचे ईमेल उकरत मी तो तक्ता भरला होता. माझी फी ७२५ डॉलर.

तिचं उत्तर असं होतं: नोव्हेंबर १८७४ ते एप्रिल १८७५, सगळं कुटुंब गैरहजर. टोळांनी पीक खाल्लं. नवरा रेल्वेच्या कामावर होता, मी लिंकनला हॉटेलात कपडे धुण्याचं काम केलं.

१८७४ चा उन्हाळा म्हणजे टोळधाडीचा. रॉकी माउंटन लोकस्ट, आता ती जात पूर्ण नामशेष झालीय, पण त्या जुलैमध्ये डकोटापासून टेक्सासपर्यंत त्यांनी शेतं साफ केली, मका तर खाल्लाच, दोरीवरचे कपडे आणि अवजारांचे लाकडी दांडेही कुरतडले. लोकांकडे खायला नव्हतं. म्हणून काँग्रेसने डिसेंबर १८७४ मध्ये कायदा करून टोळधाडीत पीक गेलेल्यांना पुढच्या १ जुलैपर्यंत जमीन सोडून राहायची सूट दिली, त्याने हक्क जाणार नव्हता. म्हणजे तिचं जाणं नियमात बसत होतं, लपवायचं काहीच नव्हतं, तिने फॉर्मवर सरळ सांगितलं. नंतर कधीतरी घरच्यांनी ते गोष्टीतून गाळलं.

सासूबाईंना हे कसं सांगावं कळेना, पण त्या शेजारीच बसलेल्या, स्क्रीनवर त्यांनीही वाचलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चार पोरं घेऊन हॉटेलात धुणं? थंडीत?" आणि नंतर म्हणाल्या की माझी आई हॉटेलची चादर हातात घेऊन बघायची, नीट धुतलीय का म्हणून, आम्ही हसायचो. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण मला विचाराल तर एक दिवस सोडला नाही या बाईपेक्षा सहा महिने धुणी धुऊन परत त्याच उजाड जमिनीवर येणारी बाई जास्त खरी वाटते.

खाली तिची सही. अंगठा किंवा फुली नाही, स्वच्छ वळणदार सही, ओव्हासकट. बोहेमियात तेव्हा शाळा सक्तीची होती, तिकडून आलेल्या बायका बऱ्याचशा लिहित्यावाचत्या होत्या, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून अडाणी होती असं धरून चालू नका. कारकुनाने मात्र वर नवऱ्याचंच आडनाव लिहिलंय, ओव्हाशिवाय. म्हणून दोन्ही रूपांनी शोधायचं.

यानंतर मला तिचं गाव हवं होतं, कारण घरात सगळे नुसतं बोहेमिया सांगतात आणि त्यावर काही सापडत नाही. जनगणनेतही बोहेमिया किंवा ऑस्ट्रिया एवढंच लिहिलेलं. गाव मिळालं कुठे तर तिच्या थडग्यावर. इथल्या चेक दफनभूमीत जुन्या दगडांवर चेकमध्ये मजकूर असतो आणि त्यात रोडेम म्हणून शब्द दिसला की पुढे बहुतेक गावाचं नाव असतं. दुपारचं ऊन डोक्यावर असताना फोटो काढू नका, अक्षरं दिसत नाहीत, सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड पडला की दगड वाचता येतो. दगडावर दाढीचं क्रीम वगैरे लावायचे सल्ले दिसतील, ते करू नका, दगड खराब होतो.

गाव दक्षिण बोहेमियातलं निघालं. तिकडची जुनी चर्चची रजिस्टरं त्रेबोन्यच्या अर्काइव्हने फुकट ऑनलाइन ठेवलीत, प्लझेनच्या बाजूची पोर्टा फोंटियम नावाच्या साइटवर आहेत. फुकट आहे पण सोपं नाही. जुन्या जर्मन वळणात लिहिलेलं, मधेच लॅटिन, मधेच चेक, आणि नावांची यादी असली तर शेवटी, नसली तर पानंच्या पानं चाळा. एक उपयोगी गोष्ट म्हणजे प्रत्येक नोंदीत घर नंबर असतो, त्यामुळे एक नोंद सापडली की त्याच घर नंबरावरून भावंडं सापडतात. जून २०२३ मध्ये मला तिच्या जन्माची नोंद मिळाली असं वाटलं पण खात्री नव्हती, म्हणून प्रागमधल्या एका बाईंना ४० डॉलर देऊन ते पान वाचून घेतलं. तीच होती. बाप कॉटेजर, म्हणजे घर आणि थोडीशी जमीन असलेला, पोट भरेल इतकी नाही. ८० एकर हा आकडा तिकडे बसून ऐकताना काय वाटलं असेल.

त्याच घर नंबरावर एक धाकटी बहीण सापडली. घरात तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं, फक्त एका जुन्या ख्रिसमस पत्रात मावशी ऑर्डला असते असा उल्लेख. ऑर्ड म्हणजे व्हॅली काउंटी, इथून बरंच पश्चिमेला. ही अविवाहित होती, म्हणजे हिला स्वतःच्या नावावर अर्ज करता येत होता, बाबिचकाला जे नवरा जिवंत असताना कधीच जमलं नसतं ते. पण पेटंटांत ती कुठेच नाही. म्हणजे एकतर अर्जच केला नाही किंवा केला आणि सोडला. सोडलेल्या दाव्यांना पेटंट नसतं, ते फक्त ट्रॅक्ट बुकांत, म्हणजे जागेच्या क्रमाने अर्ज नोंदलेल्या सरकारी वह्यांत दिसतात. ती पुस्तकं फॅमिलीसर्चवर स्कॅन केलेली आहेत, फुकट, पण नाव टाकून सापडत नाहीत, जागेच्या क्रमाने एकेक पान उलटायचं. मी रात्री जेवणं झाल्यावर सीरियल लावल्यासारखी ती पानं लावायचे. सप्टेंबरमध्ये सापडली, १८८४ चा अर्ज, आणि त्यावर आडवी रेघ, रद्द, १८८६.

रद्द झालेल्या फाईली स्कॅन झालेल्या नाहीत, त्यासाठी वॉशिंग्टनलाच ऑर्डर द्यावी लागते. नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर लँड एंट्री फाईलची ऑर्डर टाकायची, मला तेव्हा ५० डॉलर पडले, त्यात राज्य, लँड ऑफिस, अर्ज नंबर आणि जागेचं वर्णन द्यायचं, आणि रद्द झालेला दावा आहे हे रकान्यात स्पष्ट लिहायचं, नाहीतर ते पेटंटवाल्या फाईलींत शोधून नाही सापडली कळवतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑर्डर दिली, मधे काहीच हालचाल नाही, मी ते ऑर्डर स्टेटसचं पान रोज उघडायचे, शेवटी नवऱ्याने तो टॅब बंद करायला लावला. फाईल आली फेब्रुवारी २०२४ मध्ये.

चार पानं फक्त. अर्ज, नागरिकत्वाचं डिक्लेरेशन तिच्या स्वतःच्या नावाचं, पावती, आणि पावतीच्या मागे दोन ओळी, या जमिनीवरचा माझा सगळा हक्क मी अमेरिकन सरकारला परत करत आहे, खाली सही. कारण लिहायची पद्धत नव्हती. त्या काळी असे सोडलेले हक्क पुढच्या माणसाकडून पैसे घेऊन सोडले जायचे, त्यामुळे हरून गेली असंच काही नाही, चांगले पैसे मिळाले असतील आणि गावात खानावळ काढली असेल, लग्न केलं असेल, काहीही. व्हॅली काउंटीच्या क्लार्कला लग्नाच्या नोंदींसाठी पत्र टाकलंय, अजून उत्तर नाही.

एकूण खर्च ९० डॉलर आणि पेट्रोल. वेळ म्हणाल तर वर्षभर, पण त्यातलं निम्मं नुसतं थांबणं होतं. सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर टॅक्सच्या पावतीचा. जमीन घरात राहिली नसेल तर जुना प्लॅट मॅप बघा, त्यावर प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं, काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीत नक्की विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी सगळं बोलून घेऊ द्या, रेकॉर्ड करा, कागद नंतर दाखवा, कारण कागद बघितला की ते त्याप्रमाणे बोलायला लागतात. सासूबाई आता थँक्सगिव्हिंगला लिंकनच्या हॉटेलपासून सुरुवात करतात. एकर मात्र अजून १६०च सांगतात.